मुलांना घेऊन हॉटेलांत जातांना

निवृत्त मास्तरानें मुलांविषयीं बोलावें यांत नवल नाहीं. पण मुलांसंबंधींची जी तक्रार मी आज आपल्यापुढें मांडणार आहें, ती शाळेंतली नव्हे, उपाहारगृहांतली आहे. आणि ज्यांची ती आहे, त्यांना ती मोठ्यानें बोलून दाखवितां येत नाहीं. आपल्या टेबलाशीं पाण्याचे पेले आणून ठेवणारे, "आणखी कांहीं आणूं का, साहेब?" म्हणून विचारणारे जे वेटर, त्यांची ही तक्रार.

या विषयाकडे माझें लक्ष कसें गेलें, तें आधीं सांगतों. सुमारें दोन वर्षांपूर्वीं एका रविवारीं रात्रीं आमचें सगळें कुटुंब पुण्यांतल्या एका उपाहारगृहांत जेवावयास गेलें होतें. मुलगा, सून, आम्ही उभयतां आणि तीन वर्षांचा नातू. गर्दी पुष्कळ होती. अर्धा तास दाराबाहेर उभें राहिल्यावर जागा मिळाली. पुढें वीस मिनिटें गेलीं तरी ताटें आलीं नव्हतीं. नातू खुर्चीवरून उतरला आणि टेबलांमधल्या वाटेंत धांवूं लागला. आम्ही चौघेंहि कौतुकानें पाहत होतों. तेवढ्यांत भटारखान्याच्या दारांतून एक वेटर सांबाराच्या वाट्यांनीं भरलेला ट्रे घेऊन बाहेर पडला. मूल पायाशीं आलेलें त्याला अगदीं शेवटच्या क्षणीं दिसलें. त्यानें ट्रे झटकन् स्वतःकडे कलता केला. कढत सांबार त्याच्या मनगटावर आणि पोटावर सांडलें. मुलाच्या अंगावर एक थेंबहि उडाला नाहीं. मूल घाबरून रडूं लागलें, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते हे : "अहो, जरा बघून चालावें कीं नाहीं!"

चौतीस वर्षें मीं शाळेच्या जिन्यापाशीं उभें राहून मुलांना "धांवूं नका" म्हणून बजावलें होतें. त्या रात्रीं मात्र माझ्या स्वतःच्या नातवाला मीं एका शब्दानें अडविलें नाहीं, आणि बघून चालण्याचा उपदेश केला तो ज्यानें वेळेवर बघितलें होतें त्याला! तो पोरगा "सॉरी, साहेब" एवढेंच म्हणाला आणि हात झाडीत आंत गेला. घरीं आल्यावर मला झोंप लागली नाहीं. पुढच्या रविवारीं त्याची क्षमा मागावी म्हणून मी मुद्दाम तेथें गेलों, तों तो काम सोडून गांवीं गेल्याचें समजलें. कोणतें गांव, तें तेथें कोणाला सांगतां येईना. माझी क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गांठलें. चौथीला तो माझ्या वर्गांत होता. आज बारा वर्षें तो वेटरचें काम करीत आहे. मीं त्याला विचारलें, "काय रे, लहान मुलांना घेऊन माणसें येतात, त्या मुलांचा तुम्हांला फार त्रास होतो का?" तो हंसला आणि म्हणाला, "गुरुजी, मुलांचा कसला त्रास? पोरें तीं पोरेंच. त्रास होतो तो त्यांच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसांचा." पुढें तीन-चार भेटींत त्यानें मला जें समजावून सांगितलें, तेंच आज मी माझ्या शब्दांत सांगणार आहें.

ही तक्रार समजण्यासाठीं वेटरचें काम कसें चालतें, हें थोडें पाहिलें पाहिजे. माझ्या या विद्यार्थ्याकडे पांच टेबलें असतात. प्रत्येक टेबलाला चार माणसें धरलीं, तर एका वेळीं वीस माणसांचें खाणें त्यानें डोक्यांत ठेवावयाचें. तो ऑर्डर घेतो आणि ती भटारखान्यांत जाते. तेथें डोशाचा तवा निराळा, तंदूर निराळा, भाज्यांची शेगडी निराळी. एकाच टेबलाचे चार पदार्थ चार ठिकाणीं आणि चार वेळीं तयार होतात. ते गोळा करून गरम असतांनाच नेऊन ठेवणें, रिकाम्या बशा उचलणें, पाणी भरणें, बिल आणणें, हें सारें एका माणसाचें काम. शनिवार-रविवारच्या रात्रीं आठपासून दहापर्यंत दाराशीं नांवें लिहून माणसें उभीं असतात, आणि टेबल लवकर मोकळें व्हावें म्हणून गल्ल्यावरून मालकाची नजर सारखी फिरत असते. अशा वेळीं एका टेबलापाशीं दहा मिनिटें मोडलीं, कीं उरलेल्या चार टेबलांवरून हांका सुरू होतात. त्या हांकांना उत्तर त्यालाच द्यावें लागतें.

आतां दुसऱ्या बाजूनें मुलाचा विचार करूं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळीं सात-साडेसातला भूक लागते आणि नऊच्या सुमारास झोंप येते. आपण घरून निघतों आठ वाजतां, जागा मिळते साडेआठला, आणि ताट पुढें येतें नऊ वाजतां. म्हणजे भुकेची वेळ टळून गेल्यावर आणि झोंपेची वेळ भरतांना आपण त्याला परक्या, गोंगाटाच्या, झगझगीत दिव्यांच्या जागीं नेऊन बसवितों आणि "शहाण्यासारखा बस" असें सांगतों. भुकेलेल्या वर्गाला पाढे शिकवूं नयेत, हें शिक्षकाला पहिल्या वर्षींच कळतें. तेव्हां मूल रडूं लागलें, चमचे आपटूं लागलें किंवा खुर्चीवरून उतरून पळालें, तर त्यांत त्याचा दोष फारसा नाहीं.

वेटरांची पहिली आणि मोठी तक्रार आहे ती या पळण्याचीच, आणि तिच्या मागें केवळ गैरसोय नसून भय आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची उंची सुमारें ८५ ते ९० सेंटीमीटर असते, म्हणजे टेबलाच्या उंचीपेक्षां थोडीच अधिक. भरलेला ट्रे वेटर छातीपाशीं धरतो. त्या ट्रेच्या खालीं, पुढच्या दोन-तीन पावलांच्या आंत काय आहे, तें त्याला दिसतच नाहीं. साठ अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या पाण्यानें मोठ्या माणसाची कातडी सुमारें पांच सेकंदांत खोलवर भाजते. सत्तर अंशांवर एक सेकंदहि पुरा लागत नाहीं. मुलांची कातडी तर अधिक पातळ. भटारखान्यांतून नुकतें निघालेलें सांबार किंवा चहा याहूनहि अधिक तापलेला असतो. लोखंडी तव्यावर चरचरत येणारा सिझलर आणि त्याकडे कुतूहलानें पुढें होणारा चिमुकला हात, हें दृश्य पाहून माझ्या विद्यार्थ्याच्या पोटांत गोळा येतो. तो म्हणाला, "गुरुजी, ट्रे उचलला कीं मी आधीं पदार्थ बघत नाहीं, पोरें कुठें आहेत तें बघतों."

येथेंच एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवतों. असा प्रसंग ओढवलाच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या गार, वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा; अंगठी, बांगडी किंवा सैल कपडा असेल तर काढून टाकावा, कपडा चिकटला असेल तर ओढूं नये; बर्फ, तूप, दंतमंजन यांपैकीं कांहीं लावूं नये; आणि डॉक्टरांकडे जावें. तो वेटर आंत गेल्यावर त्याला वीस मिनिटें नळाखालीं हात धरावयास मिळाला असेल काय, हा प्रश्न मला पुष्कळदां पडतो. त्या गर्दींत मिळाला असेल, असें वाटत नाहीं.

दुसरी तक्रार ऑर्डर देण्याच्या रीतीविषयींची. वेटर वही उघडून उभा राहतो, आणि वडील अडीच वर्षांच्या चिरंजिवांस विचारतात, "सांग बरें बाळ, तूं काय खाणार?" बाळ आधीं डोसा म्हणतें, मग आइस्क्रीम म्हणतें, मग टेबलाखालीं जातें. विचारण्याला हरकत नाहीं. पण तें घरून निघतांना किंवा बाहेर थांबलों असतांना विचारून ठेवतां येतें. याच्या उलट, जें वेळेवर सांगावयाचें तें राहून जातें. भाजी येऊन पडल्यावर आई म्हणते, "अहो, हिच्यासाठीं तिखट नको होतें." तयार भाजींतलें तिखट कोणी काढूं शकत नाहीं. ती परत गेली तर आंत आचारी वेटरवर रागावतो, आणि नवी येईपर्यंत इकडे आई रागावते. तोंवर मुलाला गप्प ठेवण्यासाठीं मसाल्याचे शेंगदाणे पुढें केले जातात. हें तर फारच वाईट, कारण पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या श्वासनलिकेंत अख्खा शेंगदाणा अडकण्याचा मोठा धोका असतो.

तिसरी तक्रार सांडलवंडीची. जेवतांना मुलाच्या हातून भात सांडतो, पेला कलंडतो, याचें वेटरला कांहींच वाटत नाहीं. "घरीं माझी पोरगीहि सांडते," असें तो म्हणाला. त्याला खटकतें तें निराळेंच. मिठाची डबी टेबलावर पालथी होते, दांत कोरण्याच्या काड्या जमिनीवर पसरतात, कागदी रुमालांचे तुकडे पाण्यांत भिजतात, आणि मूल गुंतून राहिलें म्हणून आईबाप निश्चिंत मनानें गप्पा मारतात. कधीं कधीं तर ज्या टेबलावर पुढच्या माणसानें जेवावयाचें, त्यावरच मुलाचें लंगोट बदललें जातें. फरशीवर पडलेला तेलकट घांस पुसला गेला नाहीं, तर पुढचा ट्रे घेऊन येणारा माणूस घसरतो. हें सारें आवरण्यांत जी पांच-सात मिनिटें जातात, तीं उरलेल्या टेबलांच्या वेळेंतून कापलीं जातात. हीं मंडळी उठतांना मागें वळूनहि पाहत नाहींत. "जरा पसारा झाला हं," एवढें कोणी म्हटलें, तरी हात भराभर चालतो, असें त्याचें म्हणणें.

चौथी तक्रार ऐकून मी अंतर्मुख झालों, कारण तो अपराध आपण बहुतेकांनीं केलेला असेल. मूल ऐकेनासें झालें, कीं आपण बोट दाखवून म्हणतों, "थांब हं, ते बघ वेटरकाका रागावतील!" माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, मी कधीं रागावलों नाहीं, रागावणारहि नाहीं. पण त्या टेबलाशीं गेलों, कीं पोर माझ्याकडे बघून आईच्या पदराआड तोंड लपवितें. माझी मुलगी तेवढीच आहे. ती गांवीं असते. रविवारीं सगळीं कुटुंबें बाहेर जेवतात, आणि त्याच दिवशीं मला सुटी नसते. दुसऱ्याचें पोर मला बघून भितें, तेव्हां बरें वाटत नाहीं." मुलाला शिस्त लावण्याचें काम आईबापांचें. तें आपण न करतां एका परक्या माणसाला न विचारतां बागुलबुवा करून टाकतों. शिवाय त्याच माणसाला मुलापुढें आपण काका म्हणतों, आणि पाणी हवें असलें कीं "ए, इकडे ये" म्हणून हांक मारतों. मूल या दोन्ही हांका ऐकत असतें.

मग हे लोक स्पष्ट बोलत कां नाहींत? मी शिक्षक होतों, तेव्हां चाळीस मुलांची जबाबदारी माझ्यावर होती. परंतु तिच्याबरोबर अधिकारहि होता. मी मुलाला "खालीं बस" म्हणूं शकत होतों आणि पालकांना बोलावून घेऊं शकत होतों. वेटरवर जबाबदारी सगळी येते, अधिकार मात्र कांहींच नाहीं. मूल धडकलें तर दोष त्याचा. पण "मुलाला बसवून घ्या" असें तो म्हणाला, तर पालक मालकाकडे तक्रार करतात, आणि मालकाला गिऱ्हाईक हवें असतें. त्यांत बक्षिसीचाहि प्रश्न आहे. उपाहारगृहांनीं बिलांत सेवाशुल्क आपोआप लावूं नये, अशीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं काढलीं, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं तीं उचलून धरलीं. ग्राहकाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. पण यावरून वेटरच्या हातावर पडणारी वरकड रक्कम सर्वस्वीं आपल्या मर्जीवर असते, हें ध्यानांत घ्यावें. ज्याची मर्जी राखावयाची, त्याच्याच मुलाला अडवावयाचें कसें?

याला थोडा इतिहासहि आहे. सहकुटुंब बाहेर जेवावयास जाणें ही आपल्याकडे फार जुनी चाल नव्हे. मुंबईच्या गिरणगांवांतल्या खाणावळी एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठीं होत्या. माटुंग्याला ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं उडुपी पद्धतीचें भोजनगृह काढलें, तें दक्षिणेकडून नोकरीसाठीं आलेल्या मंडळींना घरच्यासारखें अन्न मिळावें म्हणून. बायकामुलें बरोबर असलीं, तर पुष्कळ हॉटेलांत 'फॅमिली रूम' अशी पाटी लावलेली पडद्याआडची जागा असे. त्या काळीं हॉटेलांत मूल दिसलें, तर तें बहुधा खुर्चीवर बसलेलें नसे. खांद्यावर ओलें फडकें टाकून टेबलें पुसत असे. त्याला 'पोऱ्या' म्हणत. हॉटेलें, ढाबे आणि चहाचीं दुकानें यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, आणि २०१६ सालच्या दुरुस्तीनें ही बंदी, घरच्या मंडळींना शाळेव्यतिरिक्त वेळांत मदत करणें यांसारखे थोडे अपवाद सोडून, सर्वच कामांना लागू झाली. मूल फडकें टाकून खुर्चीवर येऊन बसलें, ही आनंदाची गोष्ट आहे. तें तेथून उठावें असें मला मुळींच वाटत नाहीं, आणि माझ्या विद्यार्थ्यालाहि वाटत नाहीं.

कित्येकांचें मत असें असतें कीं, मुलें लहान आहेत तोंवर आईबापांनीं बाहेर जाऊंच नये. हें मला पटत नाहीं. याचा अर्थ व्यवहारांत एवढाच होतो कीं, आईनें पांच वर्षें घरांत बसावें. सातहि दिवस रांधणाऱ्या बाईला एक दिवस आयतें ताट मिळावें, ही इच्छा अवाजवी नाहीं. शिवाय चारचौघांत कसें बसावें, तें चारचौघांत गेल्यावांचून मूल शिकणार कोठें? प्रश्न नेण्या-न-नेण्याचा नाहीं. मुलाचा सांभाळ दाराशीं चपला काढाव्यात तसा आपण बाहेर काढून ठेवतों कीं आंत बरोबर नेतों, एवढाच प्रश्न आहे.

तो बरोबर न्यावयाचा तर काय करावें, हेंहि माझ्या विद्यार्थ्यानें सांगितलें. जावयाचें तर सातच्या सुमारास जावें. त्या वेळीं जागा मिळते, भटारखाना मोकळा असतो आणि मूलहि ताजें असतें. भिंतीकडचें टेबल मागावें, मुलाला भिंतीच्या बाजूस बसवावें, वाटेच्या बाजूस मोठ्या माणसानें बसावें. बसल्याबरोबर मुलापुरतें कांहीं साधें मागवावें. इडली, दहीभात, वरणभात हे पदार्थ लवकर येतात. तिखट नको असेल, तर ऑर्डर देतांनाच सांगावें. गरम वाटी येईल, तेव्हां ती टेबलाच्या मध्यावर ठेवून घ्यावी. मूल कंटाळलें, तर एकानें त्याला बाहेर फिरवून आणावें. सगळ्यांनीं मिळून राखावयाचें असें ठरलें, कीं कोणीच राखीत नाहीं, म्हणून नांव घेऊन एकावर काम सोंपवावें. मोबाइलवर चित्रें दाखवावयाचीं झालीं, तर आवाज बंद ठेवावा, कारण शेजारच्या टेबलाची तक्रारहि शेवटीं वेटरपाशींच येते. उठतांना मोठे तुकडे एका बशींत गोळा करावेत आणि दोन शब्द बोलून निघावें.

मालकांनींहि दोन गोष्टी कराव्यात. लहान मुलांच्या उंच खुर्च्या भटारखान्याच्या वाटेपासून दूर मांडाव्यात, आणि "मुलाला बसवून घ्या" असें नम्रपणें सांगणाऱ्या नोकराची बाजू घ्यावी. एवढा अधिकार त्याला मिळाला, तर पुष्कळ अपघात टळतील.

आमचा नातू आतां पांच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यांत आम्ही त्याला घेऊन पुन्हां जेवावयास गेलों. तो भिंतीकडे बसला होता, मी वाटेकडे. मधेंच तो खुर्चीवरून उतरूं लागला, तेव्हां मीं त्याला त्या रात्रींची गोष्ट सांगितली; मी काय बोललों, तेंहि सांगितलें. थोडा वेळ गप्प राहून त्यानें विचारलें, "आजोबा, त्या काकांचा हात बरा झाला का?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

श्रोतेहो, पुढच्या वेळीं आपण मुलांना घेऊन जेवावयास गेलां, तर आपल्या टेबलाशीं पाणी ठेवणाऱ्या माणसाच्या वाटेकडे जरा लक्ष असूं द्या, एवढीच माझी विनंती आहे.